काचेत राहिलेली खोली

नवा कॉम्प्युटर घरात येऊन तीन दिवस झाले नव्हते, तोच ताईंना त्याच्या पडद्यावर एक पलंग दिसला.

पलंगाचं चित्र नव्हे. त्या वेळी पडद्यावर एक करडं पान उघडं होतं, आणि पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, भोवतीच्या करड्यापेक्षा केसभर गडद असा एक लांबट आकार होता. त्याच्या एका टोकाला उभ्या दांड्या होत्या. ताईंनी चष्मा पुसला. मग पडदा पुसला. मग पुन्हा चष्मा पुसला. पान खाली सरकवलं तर अक्षरं सरकली, आकार जागचा हलला नाही.

दुसरं कोणी असतं तर डोळ्यांना थकवा आला म्हणून उठलं असतं. ताईंचं तसं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळात एक्स-रे काढले होते. सगळे त्यांना फोटोवाल्या ताई म्हणायचे. काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या जितक्या म्हणून छटा असतात, त्या ओळखण्यावर त्यांचं पोट चाललं होतं. तरुण डॉक्टर फिल्म उजेडावर धरून "काही नाही" म्हणायचे, आणि ताई मागून हळूच म्हणायच्या, "साहेब, इथे जरा बघता का?" बहुतेक वेळा तिथे काहीतरी असायचंच. निवृत्त झाल्यावर एका प्रशिक्षण संस्थेने त्यांना गळ घातली, की मुलांसाठी एक पुस्तिका लिहा: रुग्णाला कसं निजवायचं, प्लेट कुठे ठेवायची, सावली कशी वाचायची. हाताने लिहिलेलं आता कोणी घेत नाही, म्हणून हा कॉम्प्युटर. दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करणाऱ्या भाचीने फोनवरूनच ताईंच्या जवळच्या दुकानात सांगून ठेवला, आणि दुकानदार स्वतः येऊन जोडून गेला. सगळं कोरं करकरीत आहे, असं जाताना दोनदा म्हणाला.

ताईंनी नवऱ्याला हाक मारली. नाना आयुष्यभर टपालखात्यात पत्रं निवडत होते. वाईटातलं वाईट अक्षर वाचण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. ते पडद्याशी वाकले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"मला तर नुसतं पान दिसतंय," ते म्हणाले. "तुला आता काचेतही फ्रॅक्चर दिसायला लागलं."

ताई हसल्या. पण त्या दिवशी पुस्तिकेचं काम पुढे सरकलं नाही.

तसं ते सरकायला आणखीही एक अडचण होती. कॉम्प्युटर मधूनच अडायचा. टाइप केलेली अक्षरं उमटायचीच नाहीत, बाण एका जागी खिळून राहायचा, खोक्यातला पंखा जिना चढून आलेल्या माणसासारखा धापा टाकायचा. मग पडदा क्षणभर काळा व्हायचा, त्या काळ्यावर पांढऱ्या रेघांची एक फुली उमटायची, खिडकीच्या गजांसारखी, आणि पापणी लवायच्या आत जायची. त्यानंतर अडकलेली अक्षरं एकदम भसाभसा बाहेर पडायची.

दुकानदाराला फोन केला. त्याने बंद करून चालू करायला सांगितलं, विजेचा दाब कमी-जास्त होत असेल म्हणाला, आणि शेवटी, नवीन वस्तू आहे, सवय व्हायला वेळ लागतो, असा शेरा मारून मोकळा झाला. भाची मात्र चिवट होती. ती रोज सकाळी कामावर जायच्या आधी अर्धा तास फोनवर बसायची आणि एकेक गोष्ट करून घ्यायची. मागच्या सगळ्या वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. पडद्याची वायर बदलली. वेगळ्या प्लगला लावून पाहिलं. शेजारचा रेडिओ दूर ठेवला. पडद्याला चित्र पुरवणारा प्रोग्रॅम काढून नव्याने घातला. नाना टेबलाखाली बॅटरी धरून बसायचे आणि वर आले की म्हणायचे, पेशंट अजून शुद्धीवर आहे का?

पेशंट तसाच होता. धाप तशीच, फुली तशीच, पलंगही तसाच.

ताईंना घाई करायची सवय नव्हती. त्यांनी एक वही घेतली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून काळ्या पडद्यावरच्या फुलीच्या वेळा टिपायला सुरुवात केली. दहा वाजून चार मिनिटं. सव्वादहा. दहा सव्वीस. दहा सदतीस. संध्याकाळपर्यंत वहीचं पान भरलं आणि एकही वेळ चुकली नव्हती. दर अकरा मिनिटांनी. बिघडलेली वस्तू इतकी नेमाने बिघडत नाही, हे ताईंना कळत होतं. हे काहीतरी आपलं काम करत होतं.

मग त्यांनी अख्खा पडदा करडा करून ठेवला, खिडकीचा पडदा ओढून घेतला, आणि जुन्या सवयीने, डोळ्यांना अंधाराची ओळख होईपर्यंत दहा मिनिटं नुसत्या बसून राहिल्या. हळूहळू एकेक गोष्ट वर आली. पडद्याच्या मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ. म्हणजे चार चौकटी. वरच्या डाव्या चौकटीत फाटकासारखे गज. उजवीत पायऱ्या. खाली डावीकडे एक लांब टेबल. आणि खाली उजवीकडे तो पलंग. पलंगावर कोणीतरी निजलेलं होतं. गुडघे किंचित पोटाशी, एक हात पांघरुणाच्या बाहेर. पलंगाशेजारी खुर्ची होती, आणि खुर्चीतही कोणीतरी होतं. सगळ्यात पुसट तेच. मान उजव्या खांद्यावर पडलेली, मेलेल्या माणसाची पडावी तशी, डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं वर.

ताईंनी ते सगळं कागदावर काढलं आणि नानांना दाखवलं. नानांनी कागद बराच वेळ पाहिला. या वेळी त्यांनी काही विनोद केला नाही.

त्यांनी विनोद केला नाही म्हणूनच ताई घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ, मोतीबिंदू काढल्यापासून दाखवलंच नाही. ताई गेल्या. डॉक्टरांनी थेंब घालून, दिवा मारून, अक्षरं वाचून घेऊन सांगितलं की डोळा उत्तम आहे, विशीतल्या पोरीला हेवा वाटावा असा. परतीच्या वाटेवर नाना बसमध्ये खिडकीबाहेर बघत होते. डोळा उत्तम आहे म्हटल्यावर उरतं काय, हे दोघांनाही कळत होतं.

ताईंना त्या रस्त्यात एक तरुण ड्रायव्हर आठवत होता. नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. गाडीला धक्का बसला म्हणून मान धरून आला होता. फिल्मवर मानेच्या मणक्यात ताईंना एक रेघ दिसली होती, केसाहून बारीक. मोठे डॉक्टर घाईत होते, काही नाही म्हणाले, आणि ताई नव्या होत्या, गप्प बसल्या. चार दिवसांनी त्या मुलाचे दोन्ही हात लुळे पडले. त्यानंतर ताईंनी स्वतःशी एकच गोष्ट पक्की केली होती: दिसलं की सांगायचं, मग समोरचा हसो नाहीतर चिडो. आता आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटायला लागलं होतं, की दिसलेलं सांगू नये.

तोड भाचीने काढली. तिने नानांना सांगितलं, की करड्या पडद्याचा फोनने फोटो काढून मला पाठवा. अर्ध्या तासात तिने तो परत पाठवला. त्यातलं गडद तिने आणखी गडद केलं होतं आणि फिकट आणखी फिकट. चित्र खरखरीत झालं होतं, खुर्चीच्या जागी नुसता डाग होता. पण रेघांची फुली होती, पायऱ्या होत्या, आणि पलंगावर निजलेलं माणूस होतं.

नाना फोन हातात धरून उभेच राहिले. मग ताईंच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "चुकलं माझं." त्या दिवसापासून ते त्या खोलीत पेपर वाचायला बसले की खुर्ची फिरवून घ्यायचे. पडद्याकडे पाठ करून बसायची त्यांची तयारी नव्हती.

रविवारी भाचीने तिच्या घरून या कॉम्प्युटरच्या आत शिरून शोध घेतला. ताई पडद्यासमोर बसल्या होत्या आणि बाण आपोआप इकडून तिकडे फिरत होता. फोनवर भाचीचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मावशी, सापडलं. आत एक लपलेला प्रोग्रॅम आहे. पहारा नावाचा. घरात कॅमेरे लावतात ना, त्यांची चित्रं गोळा करणारा. मशीन चालू झालं की हाही चालू होतो आणि दर अकरा मिनिटांनी आपले कॅमेरे शोधतो. ते मिळत नाहीत, म्हणून सगळं अडून बसतं."

"आपल्याकडे कॅमेरे कुठे आहेत?"

"तुमच्याकडे नाहीत. हा ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे असतील."

तिने त्या प्रोग्रॅमची नोंदवही उघडली. पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळीच ओळी आल्या, हजारोंनी. कॅमेरा एक, फाटक, सापडत नाही. कॅमेरा दोन, जिना, सापडत नाही. कॅमेरा तीन, दुकान, सापडत नाही. कॅमेरा चार, आई, सापडत नाही. पुन्हा शोधत आहे. आणि अकरा मिनिटांनी पुन्हा तेच. आई सापडत नाही. पुन्हा शोधत आहे. ताई दाणे निवडत असताना, जेवत असताना, शेजारणीशी बोलत असताना, या कोपऱ्यात हे चाललं होतं.

भाचीने समजावून सांगितलं, की डिस्क आणि पडदा दोन्ही जुने आहेत. दुकानदाराने वरवर पुसून नव्या खोक्यात घातले आणि नवे म्हणून गळ्यात मारले. पडद्यावर एकच चित्र वर्षानुवर्षं दिवसरात्र राहिलं तर ते काचेत मुरतं, मग निघत नाही. प्रोग्रॅम मात्र काढता येईल. तिने विचारलं, "काढू ना?"

ताईंना लगेच हो म्हणता आलं नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग म्हणाल्या, "काढ."

कॉम्प्युटर तोंड धुतल्यासारखा टवटवीत झाला. अक्षरं बोटाबरोबर उमटायला लागली. ताईंनी घड्याळ लावून अकरा मिनिटं वाट पाहिली. पडदा काळा झाला नाही, पंख्याने धापा टाकल्या नाहीत. खोलीत इतकी शांतता झाली, की नळाचा थेंब ऐकू आला. कोणीतरी कोणालातरी हाका मारत फिरत होतं आणि आपण त्याचं तोंड दाबलं, असं काहीतरी ताईंना वाटलं. करड्या पानावर पलंग होताच. त्याच्याशेजारी खुर्चीही.

दुकानदाराकडे दोघं मिळून गेले. आधी तो ऐकूनच घेईना. मग ताईंनी पिशवीतून त्या नोंदवहीची छापलेली चार पानं काढून त्याच्या काउंटरवर ठेवली. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. आठवड्याच्या आत पडदा आणि डिस्क बदलून देतो म्हणाला. ताई म्हणाल्या, ते द्याच, पण आधी हे कोणाचं होतं ते सांगा. तो कुरकुरला. शेवटी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आहे, म्हणाला. त्याने स्वतःच बोलावून सगळं घेऊन जा म्हणून सांगितलं होतं, आणि त्या बदल्यात काही घेतलंही नव्हतं.

नानांना जाणं पसंत नव्हतं. माणसाने एक गोष्ट घराबाहेर काढली, ती आपण त्याच्या दारात परत घेऊन का जायची, असं त्यांचं म्हणणं. ताई एवढंच म्हणाल्या, की त्या माणसाला ते बघायचं असेल आणि काचेत ते राहिलंय हे त्याला ठाऊकच नसेल, तर? नाना बरोबर आले, पण रस्त्यापलीकडच्या बाकावर थांबले.

फाटकाचे गज ताईंनी लगेच ओळखले. त्यांच्या वर भिंतीवर एक छोटा कॅमेरा होता आणि त्याचा तांबडा दिवा लागलेला होता. आत किल्ल्यांचं दुकान, लांब टेबल, त्याच्या टोकाला वर जाणाऱ्या पायऱ्या. टेबलाखाली गुंडाळलेली गादी होती. यंत्रावर किल्ली घासणारा माणूस पाठमोरा होता. यंत्र थांबवून तो वळला आणि ताईंनी टेबलाची कड धरली. पन्नाशीचा, विरळ केसांचा माणूस. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं वर.

तीन आठवडे त्या ज्याला मेलेला समजत होत्या, तो समोर उभा राहून "काय हवंय?" असं विचारत होता.

ताईंनी बसायला मागितलं. मग सगळं सांगितलं, सरळ, जसं रुग्णाच्या नातेवाइकाला सांगावं तसं. किल्लीवाला ऐकताना हातातली किल्ली फडक्याने पुसत होता; ती केव्हाच चकचकीत झाली होती.

त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. आई पाच वर्षं वरच्या खोलीत पडून होती. बोलणं गेलं होतं, हलणं जवळजवळ गेलं होतं. सकाळी एक बाई येऊन तिचं सगळं करून जायची. दुकान सोडून दर घटकेला वर जाणं जमेना, म्हणून त्याने कॅमेरे बसवले आणि पडदा या टेबलासमोर टांगला. किल्ली घासायची, मान वर करायची, आई आहे, पुढची किल्ली. पाच वर्षं.

"गेली त्या दिवशीही बघत होतो," तो म्हणाला. "सकाळपासून अकरा किल्ल्या केल्या. प्रत्येक वेळी वर बघितलं. आई आहे. दुपारी जेवण घेऊन वर गेलो तर हात गार. डॉक्टर म्हणाले, तीन तास झाले असतील." त्याने किल्ली उजेडात धरून पाहिली. "जिवंत आणि मेलेली यातला फरक मला त्या पडद्यावर कळला नाही, बाई. मी तिच्याजवळ कधी नव्हतोच. मी नुसता बघत होतो."

ताई म्हणाल्या, की त्या चित्रात खुर्चीत कोणीतरी बसलेलं आहे.

"खुर्चीत कोणी बसायचं नाही."

"आहे कोणीतरी. मान उजवीकडे कलंडलेली."

त्याने किल्ली खाली ठेवली. आवाज चढवला नाही, पण बोलणं तिथेच संपलं हे कळत होतं. तो म्हणाला, मला तो पडदा नको, त्याचं चित्रही नको, आलात हे तुमचं मोठेपण. कॅमेरे तेवढे उतरवायला हात होत नाही, वर जावं लागतं. आई गेल्यापासून तो वर गेला नव्हता. त्या गादीवर, दुकानातच झोपत होता.

ताई परत आल्या. बाकावर नानांनी पाण्याची बाटली पुढे केली.

सहाव्या दिवशी दुपारी किल्लीवाला आला. ताईंनी निघताना त्याच्या टेबलावर पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला होता, त्यावरून त्याने घर शोधलं होतं. दारात उभं राहून कुलपाकडे बघत म्हणाला, "हे कुलूप जरा धक्क्याने उघडतं. बदलून घ्या." मग आत आला.

ताईंनी पडदा करडा केला, खिडकी झाकली. किल्लीवाला समोर बसला आणि बघत राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. त्याला काहीच दिसेना. भाचीने पाठवलेला फोटो दाखवला तर म्हणाला, नुसते डाग आहेत. उठायला लागला.

"बसा," ताई म्हणाल्या. त्यांनी खणातून पिवळी मेणपेन्सिल काढली. फिल्मवर खुणा करायची, तीच. आणि त्या काचेवरच काढायला लागल्या. दिसत होतं त्यावरून, एक रेघही मनाची न घालता. पलंगाची दांडी. उशी. डोकं, कपाळ, वळलेले गुडघे. पांघरुणाबाहेरचा हात; त्याची बोटं त्यांनी काढली नाहीत, कारण बोटं दिसत नव्हती. हात काढून झाला तेव्हा किल्लीवाला म्हणाला, "हो. तोच हात ठेवायची बाहेर."

मग ताईंनी खुर्ची काढली. आणि खुर्चीतला माणूस.

तो बराच वेळ त्या पिवळ्या रेघांकडे बघत होता. मग त्याने न कळत आपल्या डाव्या खांद्याला हात लावला.

"हा मी आहे," तो म्हणाला. मग लगेच, "पण मी बसायचो नाही. रात्री दुकान बंद करून वर जायचो, तिला पाणी द्यायला. खुर्चीत टेकायचो जरा. डोळा लागायचा कधीकधी."

"कधीकधीने असं उमटत नाही," ताई म्हणाल्या. "आम्ही फोटो काढताना पेशंटला हलू नको म्हणतो. हललेलं येत नाही. सकाळच्या बाई रोज यायच्या, त्या यात कुठेच नाहीत, त्या फिरत होत्या. जे एका जागी खूप वेळ असतं, तेवढंच येतं. हे यायला तुम्ही शेकडो रात्री तिथे असणार. सकाळपर्यंत."

"मला आठवत नाही."

"झोपेतलं कोणाला आठवतं?"

रात्री दुकानात कोणी नसायचं आणि पडदा चालूच असायचा, हे त्याच्या हळूहळू लक्षात येत असावं. खाली अंधाऱ्या दुकानात, कुलपांच्या आणि किल्ल्यांच्या मधे, तो पडदा एकटाच त्या दोघांकडे बघत होता. नाना दारात चहा घेऊन उभे होते. ते आत आले नाहीत आणि परतही गेले नाहीत.

बऱ्याच वेळाने किल्लीवाल्याने विचारलं, की आईचं तोंड कुठल्या बाजूला आहे. ताईंनी पुन्हा पडद्याशी जाऊन नीट पाहिलं. ते सांगता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. डोक्याचा गोल आहे, तोंड दिसत नाही. त्याला वाईट वाटलं असेल, पण खोटं सांगणं त्यांना जमलं नसतं, आणि त्यालाही ते कळलं असावं. त्याने मान हलवली, दारात जाऊन नानांच्या हातातला गार झालेला चहा घेतला आणि एका घोटात पिऊन टाकला.

पडदा घेऊन जाता का, असं विचारल्यावर तो नको म्हणाला. घरात असला तर मी पुन्हा बघत बसेन.

त्याच आठवड्यात दुकानदाराने दुसरा पडदा आणून लावला, या वेळी पेटी ताईंच्या समोर फोडून. जुन्यावर नानांनी चादर घातली आणि तो कपाटामागे ठेवला. ताईंची पुस्तिका भराभर पुढे गेली. तरी कधीकधी करडं पान उघडलं, की त्या उजव्या कोपऱ्यात बघून घ्यायच्या, आणि तिथे काही नसणं त्यांना सहजासहजी पटायचं नाही.

महिन्याभराने एका सकाळी फोन आला. किल्लीवाला होता. काल वर गेलो होतो, म्हणाला. खोली उघडली, खिडक्या उघडल्या, धूळ काढली. मग म्हणाला, "खुर्चीची वेताची बैठक पार खाली गेलीय. एका बाजूला जास्त. मी बसून बघितलं."

ताईंनी समोरची पुस्तिकेची पानं बाजूला सारली.

"थोडा वेळ बसलो. वर कॅमेरा चालूच होता, तांबडा दिवा लागलेला. इतके महिने तो रिकामा पलंग दाखवतोय आणि बघायला कोणी नाही. मग उठलो आणि उतरवला."

ताईंनी विचारलं, "वायरीचं टोक उघडं नाही ना ठेवलं?"

"नाही," तो म्हणाला. "टेप लावलीय."